विरोधाचं पान कोरं होतं

वसुबारसेची संध्याकाळ होती. दारात ठिपके काढून झाले होते आणि मी उकिडवी बसून रंग भरत होते. २०२४ साली इथे कॅलिफोर्नियात लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन नेमके एकाच दिवशी आले होते, त्यामुळे पायरीच्या एका अंगाला भोपळा आणि दुसऱ्या अंगाला पणत्यांचं खोकं असा आमच्या दाराचा अवतार होता. गुडघे धरून उठते तोवर समोर एक मुलगी येऊन उभी राहिली. दहा वर्षांची असेल. हातात पत्रकांचा गठ्ठा, काखेत दोन-तीन पाट्या. तिची आई मुद्दाम लांब, फुटपाथच्या कडेला थांबली होती. लेकीलाच बोलू द्यायचं असं ठरवून आलेली. मुलीने पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. आमच्या शाळेसाठी कर लावायचा की नाही यावर निवडणुकीत एक मेझर आहे, ते पास झालं नाही तर आमच्या लायब्ररीतल्या बाई आठवड्यातून दोनच दिवस येतील, तुम्ही 'येस' म्हणाल का? मग पाठांतर संपलं आणि ती रांगोळीकडे बघत राहिली. "हे पाऊस आला तर जाईल ना?" म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे की, उद्या दुसरी काढीन. तिला ते फार आवडलं. त्या आवडण्याच्या भरातच तिने काखेतली एक पाटी काढून माझ्यापुढे धरली. हातभर पांढरी पाटी, तारेचे दोन पाय, निळ्या अक्षरांत 'येस'. "लॉनवर लावाल?"

"हो, लावीन की," मी म्हटलं. हसून.

माझ्या पाठीमागे, दारातून दिसेल अशा डायनिंग टेबलावर, माझी मतपत्रिका पाकिटात बंद करून ठेवलेली होती. पाकिटावर सही झाली होती, तारीख घातली होती. दुपारीच मी त्या मेझरपुढचा 'नो'चा गोल काळ्या पेनने नीट, कडा न सोडता भरला होता.

पाटी गॅरेजमध्ये नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली. तोंड भिंतीकडे का केलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. गॅरेजमध्ये कोण बघणार होतं?

आपण कुणाशी खोटं बोललो तर ते सहसा कशासाठी तरी असतं, काही मिळवायला किंवा टाळायला. या खोट्यातून मला काय मिळालं ते कळत नाही. मुलगी दोन मिनिटांत पुढच्या घरी गेली असती. 'मी विरोधात मत दिलंय' असं म्हणाले असते तर तिने फार तर भुवया उंचावल्या असत्या. पण त्या रात्री चकलीचं पीठ भिजवताना, दुसऱ्या दिवशी अभ्यंगाची उटणी शोधताना, तो 'हो, लावीन की' हा माझाच गुळगुळीत आवाज मला ऐकू येत राहिला.

इथे मतदानाआधी घरी पुस्तिका येतात. राज्याची एक, काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, एक. राज्याची पुस्तिका हिंदीतही मिळते; मराठीत मिळत नाही, आणि एका अर्थी बरंच आहे, कारण 'मेझर'ला आपण काय म्हणणार हा प्रश्नच आहे. ठराव म्हणावं तर तो अजून संमत व्हायचा असतो, कायदा म्हणावं तर ते फार भारदस्त. काउंटीच्या पुस्तिकेत प्रत्येक मेझरचा मजकूर, सरकारी वकिलाचं तटस्थ विश्लेषण, मग बाजूने युक्तिवाद आणि विरोधात युक्तिवाद. मुख्य प्रश्न ७५ शब्दांत बसवावा लागतो, आणि ते लिहिणारे मोठे तरबेज असतात: आधी 'विज्ञान', 'वाचन', 'चांगले शिक्षक' असे शब्द ओळीने येतात, आकडा मागून कुठेतरी गर्दीत. युक्तिवादांना ३०० शब्दांची मर्यादा. आमच्या मेझरच्या बाजूने ३०० शब्द भरगच्च होते, खाली पाच सह्या, त्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका. आणि विरोधाच्या पानावर एकच ओळ छापलेली: या मेझरच्या विरोधात कोणताही युक्तिवाद सादर झालेला नाही. बाकी पान कोरं.

ते कोरं पान मी पुष्कळ वेळ बघत बसले होते. कारण ते माझं होतं. ऑगस्टमध्ये, मुदत संपायच्या आधी, मी त्या ३०० शब्दांचा कच्चा खर्डा केला होता. दोनदा. नवऱ्याला वाचूनही दाखवला. तो म्हणाला, "खाली नाव छापून येतं, माहितीय ना?" एवढंच म्हणाला. खर्डा लॅपटॉपवरच राहिला.

आता खर्ड्यात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर मी नुसतीच चिक्कू बाई वाटेन. (तशी मी आहे की नाही, त्याकडे नंतर येते.)

आमच्या गल्लीत ओळीने तीन घरं आहेत. तिन्ही एकाच साली, एकाच नकाशावर बांधलेली. तीन बेडरूम, पुढे लॉनचा तुकडा, मागे एखादं लिंबाचं झाड. डावीकडच्या घरात एक ऐंशी ओलांडलेल्या बाई राहतात. त्यांनी नवऱ्याबरोबर ते घर १९७५ साली साठेक हजार डॉलरना घेतलं. नवरा फ्रीमाँटच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात होता, जिथे आता टेस्लाच्या गाड्या बनतात. मधलं घर आमचं, २००४ साली साडेपाच लाखांना घेतलेलं. उजवीकडे तीन वर्षांपूर्वी एक तेलुगू जोडपं आलं, तान्ह्या बाळासकट. त्यांनी पंधरा लाखांच्या वर मोजले. घर तेच, रस्ता तोच, रात्री कचऱ्याचे डबे बाहेर काढायचा वार तोच. पण वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स डावीकडे अडीच हजारांच्या आत, आमच्याकडे दहा हजारांच्या घरात आणि उजवीकडे वीस हजारांच्या जवळपास.

हे सगळं १९७८च्या जूनमध्ये ठरलं. तेव्हा घरांच्या किमती झपाट्याने चढत होत्या, घरांची किंमत ठरवणारा सरकारी असेसर दरवेळी नवी किंमत लावत होता आणि पेन्शनवरची म्हातारी माणसं कराच्या बिलापायी राहतं घर विकायच्या बेताला आली होती. हॉवर्ड जार्व्हिस नावाच्या, पंचाहत्तरीला टेकलेल्या एका खटपट्या गृहस्थाने पॉल गॅनबरोबर सह्या गोळा केल्या आणि प्रपोझिशन १३ मतपत्रिकेवर आणलं. जवळजवळ ६५ टक्के लोकांनी ते उचलून धरलं. तेव्हापासून कर किमतीच्या एक टक्का, वर लोकांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचा भार. किंमत मात्र १९७५ सालची धरायची, आणि घर विकलं जात नाही तोवर ती वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. घर विकलं की नव्या मालकाला नवी किंमत. डावीकडच्या बाई अजून त्या वर्षाबद्दल बोलतात. कराचं पाकीट आलं की नवरा ते न उघडता फ्रिजवर ठेवायचा, दोन-दोन दिवस. कायदा झाला त्या रात्री त्यांच्या गल्लीत लोक बाहेर येऊन बसले होते, म्हणे. त्यांच्या बोलण्यात अजून सुटका झाल्यासारखा सूर असतो. मला तो सूर समजतो. फ्रिजवरचं न उघडलेलं पाकीट मलाही समजतं.

पण त्या सुटकेची किंमत गल्लीतल्या दुसऱ्या टोकाने मोजली. स्टेफनी नॉर्डलिंगर नावाच्या बाईंनी १९८८ साली लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्समध्ये घर घेतलं आणि त्यांच्या लक्षात आलं की शेजारची तशीच घरं आपल्या पाचव्या हिश्शाएवढाच कर भरताहेत. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९९२ साली निकाल लागला: आठ विरुद्ध एक, कायदा घटनेला धरून आहे. विरोधात एकटे न्यायमूर्ती स्टीव्हन्स.

आणि शाळा? शाळांचा स्थानिक पैसा आटला, सूत्रं राज्याच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला गेली. आता राज्य शाळेला पैसे देतं ते रोज सरासरी किती मुलं वर्गात हजर असतात ते मोजून. आमच्या गावात मुलं कमी होत चालली आहेत. का? कारण मुलं असलेल्या वयाच्या माणसांना इथे घर परवडत नाही, आणि ज्यांची मुलं शिकून बाहेर पडली ते घर सोडत नाहीत. डावीकडच्या बाई चार खोल्यांत एकट्या. आम्ही दोघं चार खोल्यांत. जुन्या कराच्या आडोशाला बसल्या जागी बसलेले. वर्ग रिकामे होतात, पैसा आटतो, मग शाळा गावाकडे हात पसरते. ज्या वर्तुळाने शाळेची ही गत केली त्याचा मी एक तुकडा आहे, हे मला दिसत होतं, खर्डा लिहितानाही.

शाळेच्या हाती जवळजवळ एकच हत्यार उरतं, पार्सल टॅक्स. घराच्या किमतीशी त्याचा संबंध नाही. दर जमिनीच्या तुकड्यामागे ठरावीक रक्कम. आमच्या मेझरमध्ये वर्षाला तीनशेच्या आतबाहेर डॉलर, नऊ वर्षं. म्हणजे उजवीकडचं जोडपं तीनशे, आम्ही तीनशे, आणि गावाबाहेर फ्रीवेला लागून जे गोदाम आहे, ज्याच्या छपरावर क्रिकेटचा सामना भरवता येईल, तेही तीनशे. माझा सगळा खर्डा या एका गोष्टीवर उभा होता. गोदामाला आणि दोन खोल्यांच्या काँडोला एकाच तागडीत घालणाऱ्या कराला शाळेचं नाव दिलं म्हणून तो न्याय्य होत नाही. शिवाय हा कर 'तात्पुरता' असतो. याआधीचा तात्पुरता कर संपायच्या आत पुढच्या तात्पुरत्याची पत्रकं दारात येतात. आपल्याकडे तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये तीस-तीस वर्षं वर्ग भरतात, तसलं तात्पुरतं.

मोठ्या व्यावसायिक मालमत्तांना बाजारभावाने कर लावण्याचा प्रयत्न झाला होता. २०२० साली प्रपोझिशन १५ त्यासाठीच होतं; तीस लाख डॉलरच्या वरच्या मालमत्ता त्यात येणार होत्या आणि पैसा शाळांना आणि स्थानिक संस्थांना जाणार होता. मी त्याला 'येस' म्हटलं होतं. ५२ टक्के 'नो' पडली आणि ते आपटलं. तेव्हापासून मी स्वतःला बजावत आले की माझा विरोध कराला नाही, चुकीच्या कराला आहे.

बजावत आले खरी. पण प्रपोझिशन १५ला 'येस' म्हणताना पैसे दुसऱ्याच्या खिशातून जाणार होते, हेही मला कुणी सांगायला नको होतं.

आता चिक्कूपणाबद्दल. वर्षभरापूर्वी नवऱ्याची नोकरी गेली. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला इथे मुलाखतीला बोलावतात, कौतुक करतात आणि नंतर मेल येत नाही. १ नोव्हेंबरला प्रॉपर्टी टॅक्सचा पहिला हप्ता लागतो, १० डिसेंबरच्या पुढे गेलात तर दंड. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर मी चेकबुक ठेवलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यातलं एक पान काउंटीच्या खजिन्यात जायचं आहे हे देवीलाही ठाऊक असावं. वर्षाला तीनशे म्हणजे महिन्याला पंचवीस. एकदा बाहेर जेवायला गेलो की जातात. पंचवीस डॉलरनी आमचं काही अडणार नव्हतं. पण घरात आवक थांबली की आकड्यांचा आकार बदलतो. पंचवीस हा आकडा पंचवीस राहत नाही, तो 'आणखी एक' होतो. मग मी न्यायाबद्दल लिहीत होते की 'आणखी एक'बद्दल? मेज पुसताना, भाजी चिरताना मी हे पुष्कळदा स्वतःला विचारून पाहिलं. दर वेळी उत्तर वेगळं आलं, आणि दर वेळी ते मला सोयीचं होतं.

पुण्याला बाबांना फोन केला तेव्हा सहज बोलून गेले. बाबा शहाऐंशी वर्षांचे, महापालिकेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. कराच्या विषयात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. राहत्या घराला मिळकत करात मिळणारी ४० टक्के सवलत पुण्यात १९७० पासून होती. मधे ती काढून घेतली, मग २०२३ साली परत दिली, पण पीटी-३ नावाचा अर्ज भरून आपण त्याच घरात राहतो हे सिद्ध करायचं. बाबा पिशवीत लाइट बिल, गॅसचं पुस्तक आणि रेशन कार्ड घेऊन क्षेत्रीय कार्यालयात दोनदा जाऊन आले. "पन्नास वर्षं या घरात राहतोय," ते म्हणायचे, "आता कागद दाखवून राहतो म्हणायचं." तरी कर मात्र दर वर्षी मुदत संपायच्या आत भरणार, सवलतीसाठी. थकबाकीदाराच्या दारापुढे महापालिका बँड वाजवते याचं त्यांना मनापासून समाधान आहे.

माझ्या लहानपणी सुट्टीत कोकणात आजोबांकडे जायचो तेव्हा पडवीच्या खांबाला एक तार टांगलेली असायची, खाली वाकवलेली, गळासारखी. तिला घरपट्टीच्या पावत्या टोचलेल्या. ग्रामपंचायतीचा शिपाई यायचा, ओटीवर बसायचा, पाणी प्यायचा, आंब्याचं कसं काय विचारायचा आणि मग पावती फाडायचा. जुन्या पावत्यांना कसर लागलेली, कागद पिवळा, शाई जांभळी. वर्षाला काही रुपये. आजोबा ती पावती तारेत खुपसताना पोटात दुखावं तसा चेहरा करायचे, पण रक्कम कशी ठरली हे शिपायाला विचारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पाऊस पडतो तशी घरपट्टी यायची.

तर बाबांना मी सांगितलं की इथे शाळेसाठी कर लावायचा की नाही हे लोकांना विचारतात, प्रत्येकाला, पोस्टाने कागद पाठवून. फोनवर थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं कट झाला.

"तुम्हाला विचारतात?" बाबा म्हणाले. "आणि तू नाही म्हणालीस?"

मी गोदामाचं सांगितलं, काँडोचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण मग शाळेचं काय?"

बाबा दर वर्षी चौथीच्या वर्गाला एक गोष्ट सांगत. मी त्याच शाळेत असल्यामुळे मला ती पाठ आहे. १८८० साली लॉर्ड लिटन पुण्याला येणार होता. त्याच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायचं नगरपालिकेत घाटत होतं. ३२ सभासद. एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. ठराव अर्थातच झाला. बाबा इथे थांबत, खडू खाली ठेवत आणि वर्गाला विचारत, "किती जण होते? आणि नाही किती जण म्हणाले?" सगळा वर्ग ओरडायचा, "एऽऽक!" त्या ओरडण्यात आम्हाला केवढी मजा वाटायची.

बाबांनी फोनवर या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. ते तसे टोमणे मारणारे नाहीत. पण मला ती आठवली, आणि आठवली ती नको त्या बाजूने. फुल्यांचं 'नाही' शाळेसाठी होतं, माझं शाळेला होतं, हा एक भाग झाला. त्याहून टोचला तो दुसरा भाग. बाकीचे एकतीस समोर बसलेले असताना जोतीरावांनी ते उच्चारलं. माझं काळ्या पेनने, बंद पाकिटात, आणि दारात आलेल्या दहा वर्षांच्या पोरीला 'हो, लावीन की'.

लेकीला सांगितलं तर ती भडकली. ती याच गावच्या शाळेत शिकली, आता सिअॅटलला असते. "आई, माझी शाळा झाली म्हणून का?" मी म्हटलं, तसं नाही गं. ती म्हणाली, "तसंच दिसतं. आपली पंगत उठली की वाढप्यांना घरी पाठवायचं." ही म्हण तिला कुठून मिळाली कोण जाणे, बहुधा माझ्याकडूनच, दुसऱ्या कुणाबद्दल बोलताना. तिच्या वेळेला शाळेतली एक बाई स्वतःच्या पैशाने रंगीत कागद आणायची. मी एकदा तिला कागदाचे पैसे देऊ केले तर ती लाजली होती. त्या लाजण्याचा खर्ड्यात कुठे उल्लेख नव्हता, हे मला त्या फोननंतर लक्षात आलं.

गल्लीतही माझा हिशोब चुकला. मी मनाशी धरून चालले होते की डावीकडच्या बाई जुन्या करविरोधी, त्या 'नो' म्हणणार. आणि उजवीकडचं जोडपं आधीच पिळून निघालेलं, तेही 'नो'वालेच. प्रत्यक्षात बाईंनी 'येस' म्हटलं. "मी नेहमीच म्हणते," त्या गुलाब छाटता छाटता म्हणाल्या. "पासष्टच्या वरच्यांना माफ असतो, फॉर्म भरला की झालं." त्यांच्या बोलण्यात लबाडीचा लवलेश नव्हता. शाळेला मिळावं असं त्यांना खरंच वाटतं आणि त्यासाठी त्यांना काही द्यावं लागत नाही, एवढंच. आणि उजवीकडच्या जोडप्याला मतच नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत, कधी नंबर लागेल ते देवाला ठाऊक. वर्षाला वीस हजार कर भरायचा, पण विचारणार कुणी नाही. आजोबांसारखंच, फक्त शिपाई पाणी प्यायला येत नाही. मला वाटत होतं की माझा 'नो' थोडा त्यांच्याही वतीने आहे. एकदा बाळाला बाबागाडीत घालून तो चालला होता, मी विषय काढला. तो म्हणाला, "आंटी, मला मत असतं तर मी 'येस' म्हटलं असतं. शाळा बघूनच तर इथे घर घेतलं." मी मान हलवली. बाळाला टोपी घातली होती कानांची, तिचं कौतुक केलं.

निकाल लागायला आठवडे गेले, इथे मतमोजणी रांगत चालते. अशा कराला दोन तृतीयांश मतं लागतात. तेही १९७८च्या त्याच प्रपोझिशनमधून आलेलं. आमचं मेझर त्या रेषेच्या अगदी जवळ जाऊन थोडक्यात हुकलं. म्हणजे गावातल्या बहुसंख्य लोकांना, शंभरातल्या साठाहून बऱ्याच जास्त लोकांना, हा कर हवा होता. आणि जिंकलो आम्ही, विरोधाच्या पानावर एक ओळही न लिहिणारे. बत्तिसातला एकटा हरला, त्याची गोष्ट चौथीच्या वर्गात सांगतात. आमची कुणी सांगणार नाही, आणि सांगू नये.

मी आनंदले नाही, पण सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायलाच हवं. त्या दिवशी मी चहात साखर जास्त घातली.

तरी आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन की तो कर वाईट होता. गोदामाचं म्हणणं मी मागे घेत नाही. ते पुन्हा त्याच रूपात आणलं तर पुन्हा 'नो' म्हणेन, बहुतेक. नवऱ्याला फेब्रुवारीत एक अर्धवेळ काम मिळालं, तेव्हा हेच वाक्य मी मुद्दाम पुन्हा मनात म्हणून पाहिलं. आवक सुरू झाल्यावर ते बदलतं का बघायला. बदललं नाही. 'बहुतेक' मात्र तेव्हाही होतं.

मार्चमध्ये ती मुलगी परत आली. या वेळी गर्ल स्काउटच्या बिस्किटांचे डबे घेऊन, लाल गाडीत रचलेले. आई पुन्हा फुटपाथच्या कडेला. मला गॅरेजमधून पैसे आणायचे होते म्हणून मी गॅरेजचं दार वर केलं आणि तेव्हाच लक्षात आलं. जानेवारीत मागच्या झाडाची लिंबं उतरवून लोणचं घातलं होतं, त्याची बरणी मी दिवसा उन्हात आणि रात्री गॅरेजमध्ये ठेवत होते. खाली फरशीला ओल येते म्हणून बरणीखाली काहीतरी पांढरं, गुळगुळीत, धुता येईल असं घातलेलं. निळी अक्षरं बरणीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होती.

"तुम्ही ती ठेवलीत!" मुलगी म्हणाली. तिचा चेहरा उजळला.

आता इथे पुन्हा 'हो' म्हणून चार डबे विकत घेता आले असते.

"मी ती लावली नव्हती," मी म्हटलं. "मी त्या मेझरला 'नो' म्हटलं होतं. तू आलीस त्याच्या आधीच."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बरणीकडे. आई लांब होती, तिला ऐकू गेलं नसावं. मी गोदामाबद्दल सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाल्यावर माझं मलाच कळलं की मी तिला खर्डा वाचून दाखवतेय. मी थांबले. "लायब्ररीतल्या बाई?" विचारलं.

"मंगळवारी आणि गुरुवारी येतात," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "ती पाटी परत द्याल का? पुढच्या वेळी लागेल. आईने सांगितलंय सगळ्यांकडून गोळा करायच्या."

मी बरणी उचलून बाजूला ठेवली. खाली पाटीवर बरणीच्या बुडाचा गोल उमटला होता, झिरपलेल्या तेलाचा आणि हळदीचा, पिवळाधमक, 'येस'च्या मधल्या अक्षरावरून गेलेला. आत जाऊन साबण लावून घासलं, मग लिंबाची फोड चोळली, मग बेकिंग सोडा. हळद ती, निघते थोडीच. मुलगी दारात वाट बघत उभी होती. मी पाटी पुसून तिच्या हातात दिली. तिने डागाचा वास घेतला, नाक मुरडलं, आणि पाटी गाडीत डब्यांच्या खाली सरकवली.

"चार डबे ना?" ती म्हणाली.